शुक्रवार, रबाळे

तीन निघाले मुकाट्याने.
चौथा माझ्या हातात
टक्‌ झाला,
आवाज एवढासाच, भेंडी मोडून बघावी तसा,
आणि पाना एकदम हलका.
पाना हलका झाला की पोट जड होतं
हे आयटीआयच्या पुस्तकात नव्हतं.

गाडी दोन हजार तीनची, डिझेल.
कोपरखैरण्याचे ढवळे सर, क्लासची पोरं ने-आण करून
तीन लाख चौदा हजार किलोमीटर.
मुंब्रा बायपासच्या चढाला शिट्टी, मागे काळा धूर.
टर्बोचा दांडा इतका ढिला
की बोटाने हलवला तर दुधाच्या दातासारखा
दोन्हीकडे जायचा.
तो काढायचा म्हणजे आधी वरचा पत्रा,
मग तेलाची बारीक नळी, मग परतीची जाड,
मग हे चार स्टड.
वीस वर्षं तापले, निवले, तापले.
नट कुठे संपतो, स्टड कुठे सुरू होतो
ते गंजालाच माहीत.

हसुरामदादा वाकले.
मी शिवीची वाट बघत होते.
त्यांनी टॉर्च मागितली,
आणि डॉक्टर जीभ बघतात तसं बघत राहिले.
"आटे किती वर हायेत?"
"दीड."
"बास हाय. नट ठेवून वेल्डिंग मारू."
मी मशीनचं बटण दाबलं
आणि वीज गेली.
एमआयडीसीचा शुक्रवार, विसरलोच होतो दोघं.

सरांचा फोन. किती वेळ?
दादा म्हणाले, सांग, लाइट नाय.
मी सांगितलं, स्टड तुटला. माझ्या हातून.
पलीकडे पंख्याचा आवाज,
मग, "बरं. पोरांना आज रिक्षाने पाठवतो."

आत काळोख म्हणून मेणबत्ती लावली होती.
दादांनी गॅसची ज्योत धरली मोडक्या बुंध्याला,
लोखंड जांभळं व्हायला लागलं तसं
तीच मेणबत्ती उचलून टेकवली.
मेण बाहेर सांडलं नाही.
आत गेलं. कुठे गेलं?
जिथे माझा पाना कधीच पोचला नसता तिथे.

मग काही नाही.
बसलो.
दादांचा बापूस मिठागरात होता, ते म्हणाले,
मीठ पन असंच, बसून ऱ्हावं लागतं.
मग स्वतःहून सांगितलं:
नव्वद साली त्यांनी एका हेडात ड्रिल मोडलं होतं, कायमचं.
ते हेड विकत घ्यावं लागलं, पाच महिन्यांच्या पगारात.
अजून घरी आहे. पापड वाळत घातले की
प्लास्टिक उडू नये म्हणून बायको त्याच्या कोपऱ्यावर ठेवते.
"चांगला वजन हाय त्याला,"
म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

पावणेपाचला ट्यूब लुकलुकली.
नट ठेवला, वेल्डिंग मारलं.
लाल नट काळा होईस्तोवर
हात मागे बांधून उभी राहिले.
"तूच तोरलास ना? तूच कार."
गाडीला गारी म्हणतात ते, तोडण्याला तोरणं.
मी पाना लावला.
आधी घट्ट करायच्या बाजूला, केसाएवढं.
मग उलट.
पुन्हा घट्ट.
कुठेतरी आत बारीक कुईं झालं,
दाराच्या बिजागरीसारखं,
आणि तो यायला लागला,
काळा, तेलकट, आट्यांना मेण लागलेलं,
रागावलेला अजिबात नाही.

नवे चार स्टड तांब्याची पेस्ट लावून बसवले.
टर्बो उद्या येणार होता, ठाण्याहून, दुरुस्त होऊन.
सर म्हणाले, उद्या तर उद्या.

घरी आईने दार उघडलं, थांबली,
माझ्या हातांचा वास घेतला.
"कोणाचा वाढदिवस होता गं गॅरेजात?
केक नाही आणलास?"